ब्रेकला मागाचं तेल

सिद्रामचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घड्याळाचा गजर त्याने कधी लावला नाही. अडतीस वर्षं एकाच वेळी उठणाऱ्या माणसाला तो लागत नाही. चूळ भरायची, चहा प्यायचा आणि पाचच्या ठोक्याला वडगावच्या गल्लीतून मालकाच्या मागावर हजर व्हायचं. दोन यंत्रमाग त्याच्याकडे होते. मजुरी साडीवर. साडी निघाली तर पैसे, नाही निघाली तर नाही. त्यामुळे मागाशी गप्पा मारत बसायची सोय नव्हती, पण मागाचं ऐकायला तर लागायचंच. सुतातून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज जरा बदलला, कुठे खरखर आली, कुठे चूं झालं, की सिद्राम तेलाची झारी उचलायचा. लांब चोचीची पत्र्याची झारी. दोन थेंब, बरोबर जागेवर. आवाज बंद. त्याच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना त्याने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं : यंत्र ओरडलं की ते काहीतरी मागतंय, आणि दहातल्या नऊ वेळा ते तेलच मागतंय.

ही सवय चांगलीच होती. फक्त एकदा ती चुकीच्या चाकाला लागली.

सिद्रामकडे एक जुनी ओमनी होती. चार वर्षांपूर्वी घेतलेली, पांढरी, मागची सीट काढून टाकलेली. दर रविवारी तो मालकाच्या साड्यांचे गठ्ठे संकेश्वर आणि निपाणीच्या दुकानांत पोचवायचा. त्याचं भाडं वेगळं मिळायचं. मागाची मजुरी घरात जायची आणि रविवारचं भाडं एका स्टीलच्या डब्यात. तो डबा कशासाठी आहे हे घरात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला ते मान्य नव्हतं.

डबा सोनाबाईच्या कानासाठी होता.

सोनाबाई म्हणजे सिद्रामची बायको. सत्तावीस वर्षं तिने मागांच्या शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या. बारा मागांची खडखड एका खोलीत. कान हळूहळू गेले. आधी पाखरांचं ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. मागावरच्या बायकांना त्याचं फार वाटत नाही. त्या खडखडीत तसंही कुणाला काही ऐकू येत नसतं. तिथे सगळे ओठांवरून बोलतात. आवाज न काढता तोंड हलवायचं, समोरच्याने बघायचं. तीन माग पलीकडची बाई कुणाच्या सुनेबद्दल काय म्हणाली ते सोनाबाईला नुसतं बघून कळायचं. त्यामुळे ती म्हणायची, "मला काय कमी हाय? मला समद्यांचं कळतंय."

अडायचं ते फोनवर. फोनला ओठ नसतात. लेक मंजुश्री हुबळीला एका दवाखान्यात नर्स होती. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि सोनाबाई अंदाजाने उत्तरं द्यायची. "व्हय." "बरं." "जेवलीस न्हवं?" बहुतेक दिवस जमून जायचं. एकदा थंडी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा मंजुश्री म्हणाली, "आई, मला तीन दिवस ताप हाय गं." सोनाबाई म्हणाली, "लई बरं झालं. असंच राहा."

मंजुश्री आधी हसली. मग तिला रडू आलं. हे सिद्रामला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्या रविवारपासून भाड्याचे पैसे डब्यात पडू लागले.

चौदा महिन्यांनी डब्यात चोवीस हजार झाले. कोल्हापुरात एका संस्थेच्या केंद्रात तपासणी झाली होती. एका कानाचं मशीन साडेएकवीस हजाराला, तेही सवलतीत, आणि सवलत रविवारी चार वाजता संपणार होती. सोमवारी तेच मशीन तीस हजारांना. सिद्रामने हिशेब साधा केला. रविवारी साड्या घेऊन निघायचं, संकेश्वर करायचं, निपाणी करायचं आणि तसंच पुढे कोल्हापूर गाठायचं. सोनाबाईला बरोबर घ्यायचं. उरलेल्या पैशांत पेट्रोल आणि कोल्हापुरात एकदा चांगलं जेवण.

"एवढ्या पैशात नवा पंप बसला असता आडाला," सोनाबाई म्हणाली.

"पंप फोनवर बोलत न्हाय," सिद्राम म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी त्याने गाडी काढून बघितली. जानेवारीचे दिवस. मागावर काम जास्त असल्यामुळे मधला एक रविवार चुकला होता आणि गाडी तेरा दिवस दारात दव खात उभी होती. गल्लीच्या टोकापर्यंत नेली, ब्रेक दाबला, तर पुढचं डावं चाक ओरडलं. चूंऽऽ. पुन्हा दाबला, पुन्हा चूं. सिद्रामने गाडी दारात आणली आणि कसलाही विचार न करता घरातून झारी आणली. चाकाच्या भोकातून आतली चकचकीत तबकडी दिसत होती. झारीची लांब चोच बरोबर तिथवर पोचली. दोन थेंब घातले. मग अजून दोन. हाताने चाक पुढेमागे करून तेल सगळीकडे बसवलं. बाहेर आलेला ओघळ चिंधीने पुसला. काम चुकीचं होतं, पण नीट केलेलं होतं.

आवाज बंद झाला. त्याला बरं वाटलं.

सकाळी वडगावातून निघताना गाडी ब्रेक दाबल्यावर जराशी उजवीकडे ओढतेय असं त्याला वाटलं. गठ्ठे एका बाजूला जास्त पडले असतील म्हणून त्याने संकेश्वरला ते हलवले. तिथून पुढे तवंदीच्या घाटात उतरताना पुढे उसाची ट्रॉली होती. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बैलगाडीच्या वेगाने. सिद्रामने ब्रेक दाबला. पॅडल पायाला घट्ट लागलं, पण गाडीने वेग सोडला नाही. नुसती उजवीकडे तिरकी व्हायला लागली. त्याने अजून जोर दिला. ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाची हिरवी वाढं काचेच्या जवळ आली.

मग त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली. इंजिन ओरडलं. हाताने हँडब्रेक थोडा थोडा वर घेत घेत त्याने गाडी कडेच्या मातीत घातली. ती थांबली. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

सोनाबाईने पुढचा दांडा धरून ठेवला होता. तिने विचारलं, "चा प्यायला थांबलाय काय?"

"व्हय," सिद्राम म्हणाला. हात थरथरत होते म्हणून ते त्याने मांडीखाली घेतले.

घाट संपेपर्यंत त्याने पहिला गिअर सोडला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, शिव्याही दिल्या असतील. निपाणीच्या अलीकडे हायवेला लागून एक मोठं गॅरेज दिसलं. रविवारीही उघडं. त्याने गाडी आत घातली. तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

गॅरेज नव्या पद्धतीचं होतं. गिऱ्हाइकांसाठी काचेची खोली, आत सोफा, टीव्ही मोठ्याने लावलेला. सोनाबाईला तिथे बसवलं. डब्यातल्या पैशांची पिशवी तिच्याच मांडीवर होती. काऊंटरवर युवराज नावाचा पंचविशीचा गडी, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. आणि गाडीखाली नागेंद्र, पन्नाशीचा मिस्त्री. सिद्रामने आधी नागेंद्रचे हात बघितले. माणसाने चाक काढलं आणि चारही नट एका ताटलीत, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने ठेवले. सिद्रामला तेवढं पुरलं. हा काम जाणतो.

नागेंद्रने तबकडीवर बोट फिरवलं, बोट वर धरलं. "तेल हाय," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे त्याला कुणीतरी बोलावलं म्हणून गेला.

तेल म्हटल्यावर युवराजचं बोट टॅबवर चालू लागलं.

"आप्पा, कॅलिपर गळतंय. ब्रेक ऑईल बाहेर येतंय. एका बाजूचं गेलं म्हणजे दुसरंही जाणार, दोन्ही बदलू. पॅड, डिस्क दोन्ही बाजूंच्या. मास्टर सिलिंडरपण जुना असणार. मागचे ब्रेक शू किती दिवसांत बदललेत?"

"मी घेतल्यापासनं न्हाय. चार वर्षं झाली."

"मग तेही. गाडीचं वय बघा की. ब्रेकचा विषय हाय, त्यात कसर नको. सोळा हजार चारशे. संध्याकाळपर्यंत देतो."

युवराज लबाड नव्हता. त्याच्या यादीत तेल गळत असलं की पुढे काय काय लिहायचं ते ठरलेलं होतं, आणि तो ते लिहीत होता. हे सिद्रामला समजत होतं. त्याला आणखी एक गोष्ट समजत होती. 'तेल हाय' हे शब्द ऐकल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे झारी आली होती. गळत काहीच नव्हतं. तेल त्याचंच होतं.

आता हे सांगायचं कसं? मालक नव्या माणसाला शिकवायला त्याच्याकडे पाठवायचा. यंत्राला हात लावायच्या आधी त्याचं काम काय आहे ते समजून घ्या, असं तोच सगळ्यांना सांगायचा. आणि त्याने, थांबवण्यासाठी केलेल्या यंत्राला घसरण्यासाठी तेल घातलं होतं. बायकोला शेजारी बसवून तो घाट उतरला होता. हे या इस्त्रीच्या शर्टापुढे बोलायचं, तर जीभ उचलत नव्हती. सोळा हजार काय, परत साठवता येतील. आणखी वर्षभर लागेल. सोनाबाई तर म्हणतेच की तिला नको आहे. अशी एकेक सबब त्याने मनात मांडली. माणसाला लाज वाटली की सबबी फार भराभर सुचतात.

तो काचेपाशी गेला. आत टीव्ही चालू होता, बाहेर कुठेतरी हवेचा पंप धडधडत होता. दोघांना आवाजाची गरज नव्हती. त्याने काचेबाहेरून नुसते ओठ हलवले.

"पिशवी आण."

सोनाबाईने आतून ओठ हलवले. "कशाला?"

"ब्रेक गेलाय. सोळा हजार लागतंत."

"काय मोडलं?"

"मोडलं न्हाय. तेल गळतंय म्हंतात."

"कुठलं तेल?"

सिद्रामने पिशवीकडे बघितलं. "ब्रेकचं."

सोनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. शेजारी सोफ्यावर बसलेला एक गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून या दोघांच्या मुक्या तोंडांकडे बघायला लागला.

"काल सांजच्याला झारी घेऊन चाकापाशी बसला होता," तिचे ओठ म्हणाले. "ते काय करत होता?"

सिद्रामने तोंड फिरवलं. मागावर ही एकच पळवाट असते. बोलणं ऐकायचं नसेल तर बघायचं नाही. पण सोनाबाईला ही पळवाट सत्तावीस वर्षं माहीत होती. तिने बांगडीने काचेवर टकटक केली. सगळं गॅरेज वळून बघू लागलं. त्यालाही वळावं लागलं.

"सांगितलं काय त्यास्नी?"

"न्हाय."

"तुमी सांगताय का मी सांगू?"

"तू काय सांगशील. तुला त्येंचं ऐकूच येत न्हाय."

"सांगायला कान कशाला लागतात?" सोनाबाई म्हणाली आणि उठायला लागली.

आपला आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सोनाबाई बोलायची ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. ती बाहेर येऊन सांगणार म्हणजे निपाणी बसस्टँडवरसुद्धा कळणार. सिद्रामने दोन्ही हातांनी तिला बस अशी खूण केली आणि तो सरळ नागेंद्रकडे गेला.

"मिस्त्री, ते तेल माझं हाय."

"म्हंजे?"

"मागाचं तेल. चाक ओरडत होतं, म्हणून मीच घातलं. काल. झारीनं."

नागेंद्रने हातातला पाना खाली ठेवला. "डिस्कवर?"

"व्हय."

"किती?"

"चार थेंब." मग सिद्राम म्हणाला, "सगळीकडं लागावं म्हणून चाक फिरवलं."

नागेंद्र आधी हसला नाही. त्याने विचारलं, "घाट उतरून आलासा काय अण्णा?"

"व्हय."

"आक्का संगं?"

"व्हय."

मग तो हसला, पण फार नाही. उठून त्याने एका बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि तबकडीवरचं तेल बोटाने त्यात सोडलं. तेल पाण्यावर तरंगलं. रंगीत तवंग पसरला. "ब्रेक ऑईल असतं तर पाण्यात मिसळलं असतं," तो म्हणाला. मग ब्रेक ऑईलची छोटी पांढरी डबी दाखवली. आतलं तेल वरच्या रेघेला टेकलेलं होतं. "गळत असतं तर हितं कमी झालं असतं. युवराज, कॅलिपर काढ यादीतनं. मास्टर सिलिंडर काढ."

"सिस्टीममध्ये पडलंय की," युवराज म्हणाला.

"पडलंय तर उचल."

आता सिद्रामची जीभ सुटली होती. एकदा सगळ्यात मोठी लाज बाहेर पडली की बाकीचं विचारायला काही वाटत नाही. त्याने यादी हातात घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या तबकड्या का बदलायच्या?"

युवराजने नागेंद्रकडे बघितलं. नागेंद्रने मापाने जाडी मोजली, दोन्ही बाजूंची, तीन तीन ठिकाणी. "लई हाय अजून. धुतल्या की झालं."

"आणि मागचे शू?"

"आप्पा, चार वर्षं झाली म्हणताय," युवराज म्हणाला.

"उघडून बघितलं का?"

"न्हाय, पण अंदाजानं..."

"अंदाजानं माझी बायको फोनवर बोलत्या," सिद्राम म्हणाला. "तू उघडून बघ, बाबा. झिजलं असलं तर बदल. मी न्हाय म्हणणार न्हाय."

नागेंद्रने मागची दोन्ही चाकं उघडली. हे काम यादीत नव्हतं आणि त्याने त्याचे पैसेही नंतर लावले नाहीत. शूवरचं अस्तर अर्ध्याच्या वर शिल्लक होतं. ब्रशने धूळ झाडली, परत बंद केलं.

राहिले पुढचे पॅड, तबकडीला दोन्हीकडून दाबून धरणारे. सिद्रामने ते हातात घेऊन बघितले. जाडी चांगली होती. डाव्या बाजूचे काळे पडले होते, तेलाचा वास येत होता.

"हे धुऊन चालत न्हाईत काय? पेट्रोलमध्ये टाकून?"

"न्हाय, अण्णा. आतपर्यंत मुरलंय. वरनं सुकल्यागत दिसंल, आणि तापलं की परत सुटंल. हितं पैसा वाचवू नका."

"आणि उजव्या बाजूचे? त्येंना तर तेल न्हाय लागलं."

"एका बाजूला नवं, एका बाजूला जुनं, मग गाडी ओढणारच की. जोडीनंच घालायचं."

सिद्रामने मान हलवली. मागाला कांडी लागते तर लागते, तिथे कुणी घासाघीस करत नाही. "घाला," तो म्हणाला. "जुने माझ्याकडं द्या."

"कशाला?"

"मागावर दाखवायला."

काम दीड तास चाललं. सिद्राम उभा राहून बघत होता. नागेंद्रने तबकड्या फवाऱ्याने धुतल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, मग दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसल्या. दुसरं फडकं स्वच्छ राहिलं तेव्हाच पॅड बसवले. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना घासून तिथे मात्र बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावलं. "हितं लावायचं असतं," तो म्हणाला, "आणि हेच्यापुढं एक बोटसुद्धा न्हाय." सिद्रामने ती जागा नीट बघून ठेवली.

"मग ओरडत का होतं ते?"

"उभी होती न्हवं गाडी? दवानं गंज धरतोय वरच्यावर. चार-पाच डाव ब्रेक मारलासा की आपोआप जातंय. गेलं न्हाय तर पॅड बघायचे. फुकट बघून देतो की मी."

म्हणजे मुळात काहीच करायला नको होतं. अडतीस वर्षांत यंत्र ओरडल्यावर काही न करता थांबायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

बिल एक हजार नऊशे ऐंशी झालं. पॅडची जोडी, धुण्याचा फवारा, मजुरी. तिन्ही ओळी त्याने वाचल्या. युवराजने वर स्वतःहून चहा मागवला आणि सोनाबाईला नेऊन दिला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "सोळाचं दोन केलं व्हय रं? शाणा हाईस." बाहेर रस्त्यावरचा टायरवालाही हसला.

हायवेच्या कडेला, मोकळ्या जागेत, नागेंद्रने सिद्रामला पाच-सहा वेळा ब्रेक मारायला लावला. गाडी सरळ थांबली. कुठे ओढली नाही. निपाणीच्या दुकानात गठ्ठे उतरवले तेव्हा दीड वाजला होता. कोल्हापुरातलं जेवण गेलं. गाडीतच बसून दोघांनी घरून आणलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सिद्राम घासाघासाला काहीतरी बोलायला बघत होता. शेवटी तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "घाटात चासाठी थांबलो न्हवतो."

"म्हाईत हाय," सोनाबाई म्हणाली. "चाचं दुकान कुठं होतं तितं?"

"भ्यालीस न्हाय?"

"तुमचे हात बघितले. मग म्हटलं, आपणबी भिऊन कशाला दाखवायचं."

पुढचे चाळीस किलोमीटर ती खिडकीबाहेर बघत बसली. कोल्हापुरात केंद्रावर पोचायला सव्वातीन वाजले. आधी दोन माणसं होती. नंबर आला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. काऊंटरवरच्या बाईने पैसे दोनदा मोजले. नोटा बहुतेक शंभर-दोनशेच्या होत्या, त्यामुळे वेळ लागला, पण पावती चारच्या आत झाली आणि मागच्या कुणी कुरकुर केली नाही.

चौदा महिन्यांचे रविवार. साड्यांचे किती गठ्ठे त्याने उचलले असतील ते त्याला सांगता आलं नसतं. त्याचं मिळालं ते एक मशीन, चिंचोक्याएवढं, डाव्या कानाचं. उजव्या कानासाठी त्याने पुढच्या रविवारपासून पुन्हा डबा लावला.